पिवळी तापी

"हेमलेखे, हळू बोल! द्वारपाल जागा आहे!" योगेंद्र इतक्या जोरात ओरडला की पत्र्यावरचं कबुतर उडून गेलं.

"असू दे जागा, चित्रका! माझ्या काळजाची धडधड काही त्याला ऐकू जाणार नाही!" धनश्री त्याच्याहून वरच्या पट्टीत ओरडली.

द्वारपालाचं काम चिंधाकडे होतं. तो दोन मागांच्या मधे भाला टेकून खरोखरच झोपला होता आणि या आरोळ्यांनीही उठला नाही.

तालीम सुरतेच्या लिंबायत भागात, आमच्या गल्लीमागच्या लूमच्या कारखान्यात चालायची. आठवड्यातून एक दिवस पावर बंद असे, तेव्हा माग थांबत. पण माग थांबले तरी कारागिरांचे गळे थांबत नसत. खटखटाटात एकमेकांशी बोलायचं तर बेंबीच्या देठापासून बोलावं लागतं, नाहीतर ओठ वाचावे लागतात. त्यामुळे आमच्या नाटकात प्राचीन काळचे ते दोन जीव चोरून भेटत तेव्हा त्यांची कुजबुज पार रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचे. मी एकदा म्हटलं, "योगेंद्र, हे गुपित आहे. हळू." त्याने आज्ञाधारकपणे नुसते ओठ हलवले. समोर बसलेल्या सगळ्यांना तो काय म्हणाला ते कळलं. कळलं नाही ते फक्त मला.

नाटक माझ्या वडिलांचं. त्यांना सगळी गल्ली दगानाना म्हणे. तीस वर्षं त्यांनी मागावर काढली आणि मागाच्या ठेक्यावर गाणी रचली. लिहून ठेवायची त्यांना सवय नव्हती. गाणं सुचलं की ते पाळी संपल्यावर रामदासकाकांना म्हणून दाखवत, रामदासकाका ते पेटीवर बसवत, आणि मग ते गल्लीतल्या बायकांच्या तोंडी जाऊन पडे. तिथून ते हलत नसे. 'संगीत तापीपार' असं तयार झालं. राजा वीरसेनाची कन्या हेमलेखा आणि तिचं वस्त्र विणणारा कोष्टी चित्रक, यांची गोष्ट. राजकन्येने विणकरावर प्रेम करायचं नाही, हा त्या काळचा नियम. त्यांनी तो मोडला. एवढं झालं, आणि शेवट राहिला. नाना म्हणत, "शेवट गणपतीच्या आदल्या आठवड्यात सांगतो. आधी सांगितला तर तुम्ही तालमीला यायचे नाहीत."

चैत्रात एका दुपारी नाना पाळीवरून आले, आंघोळीला पाणी काढून ठेवलं आणि खाटेवर टेकले. ते पाणी तसंच राहिलं.

गणपती जवळ आले तसे मंडळाने ठरवलं की दगानानांचं नाटक करायचंच. शेवट लिहायचं माझ्याकडे आलं. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, आणि घरात पुस्तकं ठेवायला कपाट असलेलं गल्लीतलं एकमेव माणूस होते. गल्लीच्या हिशेबाने तेवढी पात्रता पुरे होती.

त्यासाठी भरलेली बैठक मला अजून आठवते. मंडळाचे अध्यक्ष भगवानअण्णा. तेच कारखान्याचे मुकादम, आणि नाटकात महाराज वीरसेनही तेच. मिशी त्यांची स्वतःची होती, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा विचारच झाला नव्हता.

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कमलताई," ते म्हणाले. "लग्न दाखवायचं नाही. मंडप माझ्या नावावर, माइक माझ्या नावावर. त्याच्यावर पोरीने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, आणि खाली बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, असं चालायचं नाही."

का ते सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांची भाची सुषमा गेल्या दिवाळीत कतारगामच्या एका हिरे घासणाऱ्या मुलाबरोबर निघून गेली होती. तिथेच लग्न करून राहिली होती, सुखात होती असं बायका सांगत. पण अण्णांसमोर कतारगामचं नाव निघालं तरी ते पान थुंकायला उठत.

"मग राजकन्येला साप चाववा," कोणीतरी सुचवलं.

"साप कोण होईल?" रामदासकाकांनी विचारलं.

सगळ्यांनी चिंधाकडे पाहिलं.

"मी द्वारपाल आहे," चिंधा म्हणाला. "द्वारपालाने सांगितलं असतं ना की साप आला म्हणून."

"तू झोपलेला असतोस."

"मग मी सापही झोपूनच करीन."

साप बारगळला. विष, कडेलोट आणि चित्रकाचं संन्यास घेणंही चहाबरोबर येऊन गेलं. शेवटी सगळे म्हणाले, ताई, तुम्ही वाचलेलं आहे, तुम्हीच काय ते बघा.

घरी आल्यावर मायने विचारलं, "काय ठरनं?"

माझी आई, शोभाबाई, साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. नाना गेल्यापासून ती घरी अहिराणीशिवाय काही बोलत नसे. नानांशी ती मराठी आणि गुजराती मिसळून भांडायची, ते भांडणच संपलं होतं.

"मलाच लिहायचंय. लग्न मात्र करायचं नाही म्हणतात अण्णा."

"लगीन लाई दे त्यास्नं," माय म्हणाली. मान वर केली नाही. "तुन्हं काय जास त्यान्हामा?"

माझं काय जात होतं हे मी तिला सांगितलं नाही. नाना गेल्यापासून मला कोणाचं भलं झालेलं वाचवत नव्हतं. पुस्तकात शेवटी सगळे एकत्र आले की मी ते मिटून ठेवत असे. शेजारच्यांच्या टीव्हीवर हिरो-हिरोईन भेटले तरी मी भांडी घासायला उठायची. नानांच्या नाटकाचा शेवट मी लिहिणार, तर त्यात एक माणूस अलीकडे आणि एक पलीकडे राहणार, हे माझं आधीच ठरलेलं होतं. अण्णांनी फक्त त्याला परवानगी दिली.

आणि मायचं काय जात होतं, तेही मला ठाऊक होतं. नाना आणि माय खानदेशातल्या एकाच गावचे, पण जात वेगळी. कोणाची कोणती ते इथे लिहीत नाही. दोघंही शेवटपर्यंत विचारणाऱ्याला 'आम्ही सुरतचे' म्हणून सांगत. भुसावळ-सुरत पॅसेंजरने ते पळून आले आणि तापीकाठच्या एका देवळात गुजराती पुजाऱ्यासमोर त्यांनी हार घातले. नाना ही गोष्ट फार रंगवून सांगत. "पुजारी म्हणाला, अंतरपाट कोण धरणार? त्याला दोन माणसं लागतात, आणि लग्नाला आम्ही दोघंच! मी म्हटलं, महाराज, एक टोक तुम्ही धरा, दुसरं खिळ्याला बांधा. तर खिळा पण नव्हता." इथे नाना हसत, आम्ही हसत असू, आणि माय चहाचं भांडं जरा जोरात खाली ठेवी. अंतरपाट नाही, म्हणून मंगलाष्टकं नाहीत. मंगलाष्टकं नाहीत, म्हणून अक्षता नाहीत. गल्लीत कोणाचं लग्न असलं की माय पहिल्या रांगेत बसायची आणि मूठभर जास्त अक्षता मागून घ्यायची.

तरी मी माझा शेवट लिहिला. राजा चित्रकाला तापीपार हद्दपार करतो. नदीला पूर येतो. अलीकडच्या काठावर हेमलेखा, पलीकडे चित्रक, मधे पाणी. एकमेकांसाठी गुंफलेल्या माळा दोघं पाण्यात सोडतात, निरोपाचा श्लोक होतो, पडदा. कोणी पळत नाही, कोणी मरत नाही, राजाचा शब्द राहतो. अण्णांना तो फार आवडला. "याला म्हणतात शिक्षण," ते म्हणाले.

श्लोक मी शार्दूलविक्रीडितात लिहिला. जुन्या कवींनी या वृत्तात केवढाले शोक पेलले आहेत ते मी वाचलं होतं, आणि नानांच्या नाटकाला त्याहून कमी काही मला द्यायचं नव्हतं.

तापीच्या तटि या उभी, पलिकडे भासे किती दूर तू
पाण्याला न दया, न नाव दिसते, ना पोचते हाकही

पुढच्या दोन ओळीही अशाच होत्या. रामदासकाकांनी त्या पेटीवर घेतल्या, आणि त्यांची बोटं आपोआप एका चालीवर गेली. "ओळखीची वाटते चाल," ते म्हणाले. मी म्हटलं, वृत्तच तसं आहे, काका. त्यावर आम्ही दोघांनी समाधानाने माना डोलावल्या.

आता नदी हवी होती. माझा धाकटा भाऊ कुंदन पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात कामाला होता. त्याला मी निळं कापड आणायला सांगितलं. तो मोठा गठ्ठा खांद्यावर टाकून आला आणि सोडून दाखवला. कापड हळदीसारखं पिवळं होतं.

"कुंदन, हे काय?"

"निळा लॉट पास झाला. पार्टी घेऊन गेली. हा फेल झाला, म्हणून मिळाला." त्याने कापडाकडे एकदा पाहिलं. "वहातं तर आहे ना?"

"कुंदन, नदी आहे ही! पिवळी नदी कोणी पाहिलीय?"

मायने टिकल्यांचं काम बाजूला ठेवलं. कापड हातात घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. "पूरमा तापी निळी देखेल शे का कोनी?" ती म्हणाली. "पिवळीच दिसस. राहू दे."

तिचं बरोबर होतं. पूर पाहिलेल्या माणसाला ते पटण्यासारखं होतं. नाना गेल्यानंतर तिने एखाद्या गोष्टीत लक्ष घातलं ते पहिल्यांदाच, म्हणून मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्या कापडाच्या दोन्ही कडा शिवून काढल्या.

नदी धरायला दोन माणसं हवी होती. कापड रंगमंचाच्या मागच्या पडद्यापासून थेट पुढच्या कडेपर्यंत लांब धरायचं, खालच्या खाली हलवत राहायचं, म्हणजे लाटा होतात. मागचं टोक चिंधाकडे गेलं. शेवटच्या प्रवेशात द्वारपालाला काम नव्हतं. पुढचं टोक धरणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ करून रंगमंचाच्या कडेला बसावं लागणार होतं, आणि गल्लीतल्या कोणालाच नाटकात येऊन तोंड न दाखवणं मान्य नव्हतं.

"मी धरसू," माय म्हणाली.

यावर भागीरथीमावशी आल्या. गल्लीतल्या लग्न, बारसं, तेरावं अशा सगळ्या गोष्टी त्यांच्या नजरेखालून जात. त्या ओट्यावर बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "शोभा, वरीस नही व्हयनं आजून. स्टेजवर कशी जाशी तू?"

"मी कोठे जाई राहिनू, मावशी? मी पानी शे," माय म्हणाली. "पानीले कसानं सुतक?"

भागीरथीमावशींनी पदराचा वारा थांबवला. पाण्याच्या सुतकाबद्दल त्यांच्याकडे काही नियम नव्हता. "डोकावर पदर ठेवजो मंग," त्या शेवटी म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी मंडप भरून माणसं बाहेर उभी होती. गणपतीबाप्पा एका बाजूला, रंगमंच दुसऱ्या बाजूला. अण्णांनी नारळ फोडताना सांगितलं की बाप्पालाही नाटक दिसेल अशी व्यवस्था केली आहे. मी विंगेत, हातात संहिता घेऊन. योगेंद्रचे संवाद गुजराती अक्षरांत लिहिलेले होते, कारण तो मराठी बोलायचा पण वाचायचा नाही. ते कागद माझ्या दुसऱ्या हातात होते. पहिल्या प्रवेशापासून गाणी प्रेक्षकच म्हणायला लागले. नानांच्या गाण्याला धनश्रीने सूर लावला की खालून बायका दुसरी ओळ उचलत. एका गाण्यात ती शब्द विसरली तर कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी विंगेतल्या बांबूला टेकून ती गाणी ऐकली. दुसरं काही मी केलं नाही.

द्वारपाल झोपला. टाळ्या पडल्या. अण्णांनी राजा म्हणून चित्रकाला हद्दपारीची शिक्षा दिली तेव्हा त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बायका गॅलरीत आल्या.

शेवटच्या प्रवेशाआधी प्रसाद वाटायचं ठरलं होतं. आधी वाटला तर लोक घेऊन निघून जातात, नाटक संपल्यावर वाटला तर झुंबड होते; म्हणून हा अण्णांचा मधला मार्ग. कुरमुरे, फुटाणे आणि खडीसाखर. मंडपातल्या प्रत्येक माणसाच्या हातात मूठमूठ कुरमुरे आले, आणि पडदा उघडला.

डावीकडे हेमलेखा, माळ घेऊन. उजवीकडे चित्रक, माळ घेऊन. मधे पिवळी तापी, जमिनीलगत हळूहळू हलणारी. मागे चिंधा, पुढे डोक्यावर पदर घेतलेली माय. हेमलेखेच्या मागे दोन पावलांवर महाराज वीरसेन. अगदी मला हवं होतं तसं. मंडप शांत झाला. धनश्री आणि योगेंद्र एकमेकांकडे पाहत होते, आणि या वेळी, एवढ्या तालमींनंतर प्रथमच, दोघंही ओरडले नाहीत.

रामदासकाकांनी पेटी धरली. धनश्रीने सुरुवात केली, "तापीच्या तटि या उभी..."

पहिल्या ओळीला खालच्या बायकांमध्ये हालचाल झाली. पुढे बसलेल्यांनी पदर सावरले. दुसऱ्या ओळीला मागचे पुरुष उभे राहिले. मला वाटलं, गहिवरले. आणि तिसऱ्या ओळीला तापी चढायला लागली.

तालमीत पूर गुडघ्यापर्यंत ठरला होता. मायने हात कमरेपर्यंत नेले. मग खांद्यापर्यंत. मग ती उभीच राहिली आणि पिवळ्या कापडाची कड तिने डोक्याच्या वर नेली. मागे चिंधाने तिच्याकडे पाहिलं आणि तोही उभा राहिला, कारण एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला ओहोळ बरा दिसला नसता. आता धनश्रीला योगेंद्र दिसेना आणि योगेंद्रला धनश्री. मधे हळदीच्या रंगाचं ताणलेलं कापड. दोन्हीकडे हातात माळा घेऊन उभे मुलगा नि मुलगी. आणि पेटीवर ती चाल.

ती चाल मला त्या क्षणी ओळखू आली. लहानपणापासून शंभर मांडवांतून ऐकलेली. मी पुस्तकातून तिच्याकडे गेले होते, म्हणून मला दिसली नव्हती.

चौथी ओळ संपली. आणि पहिल्या रांगेतून भागीरथीमावशींचा आवाज आला, "सावधान!"

त्यांच्या मुठीतले कुरमुरे रंगमंचावर येऊन पडले.

पुढे काय झालं ते थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. "सावधान!" म्हणत सबंध मंडपाने हात उचलले. कुरमुरे उडाले, फुटाणे उडाले, एक खडीसाखर रामदासकाकांच्या पेटीवर टणकन आपटली. एक सुनबाई म्हणाली, "मावशी, अहो, हे नाटक आहे!" तर मावशी तिच्यावरच उखडल्या. "अक्षता हातमा ठेईसन घर नही जातस, पोरी! टाक!" पोरीने टाकल्या. रामदासकाकांनी, बोटांना थांबायची सवय नव्हती म्हणून, चाल पुन्हा सुरुवातीपासून धरली, आणि या वेळी श्लोक मंडपानेच म्हटला. शब्द माझे नव्हते.

"पोरीना मामा कोठे शे?" मावशी ओरडल्या. "मामाले उभं करा!"

भगवानअण्णा गल्लीतल्या निम्म्या मुलींचे मानलेले मामा होते. दरवर्षी चार लग्नांत ते मुलीच्या पाठीशी उभे राहत. मामा म्हणून हाक आली आणि महाराज वीरसेन दोन पावलं पुढे येऊन हेमलेखेच्या मागे हात जोडून उभे राहिले. तिथे उभं राहिल्यावर त्यांना आपण राजा आहोत हे आठवलं. ते मागे जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. फक्त मान खाली घातली.

शेवटचा 'सावधान' झाला. मायने तिच्या टोकाला एक हिसका दिला. चिंधाच्या हातातून कापड सुटलं, आणि सगळी तापी सरसरत येऊन मायच्या पायाशी गोळा झाली.

नदी गेली. माळा पाण्यात सोडायच्या होत्या, आणि पाणी नव्हतं. योगेंद्र माळ धरून उभा, कपाळावर घाम. त्याने मान तिरपी करून विंगेकडे पाहिलं.

"बेन," तो म्हणाला, या वेळी खरंच कुजबुजून, "शुं करुं?"

"घाल, घाल!" खालून लोक म्हणत होते. अण्णांनीही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते मंडळाचे अध्यक्ष होते, माइक त्यांच्या नावावर होता. तो त्यांनी मागितला नाही.

माझ्या हातात संहिता होती. तिच्यात पुढे लिहिलं होतं: माळा वाहून जातात, पडदा. माय रंगमंचाच्या कडेला तशीच उभी होती, प्रेक्षकांकडे पाठ करून. प्रेक्षकांनी फेकलेलं सगळ्यात आधी तिच्यावर पडलं होतं, कारण सगळ्यात पुढे तीच होती. पदरावर, खांद्यांवर, डोक्यावर पांढरे कुरमुरे. ते ती झटकत नव्हती. ती वाट पाहत होती, आणि माझ्याकडे वळून बघत नव्हती.

"घाल," मी म्हटलं.

योगेंद्रने माळ घातली. धनश्रीने, ओठांतल्या ओठांत, "वांदऱ्या, वेणी ओढू नकोस," असं म्हणत त्याच्या गळ्यात माळ घातली, आणि सगळ्या गल्लीला ते कळलं. बाहेर कोणीतरी बेंजोवाल्यांना उठवलं. ते विसर्जनासाठी सांगून ठेवलेले होते, तरी वाजवायला लागले. चिंधा कुठूनतरी टॉवेल-टोपी घेऊन आला आणि मुलीकडच्यांचा मान म्हणून महाराजांच्या मुकुटावर त्याने पांढरी टोपी ठेवली. अण्णांनी ती काढली नाही. पडदा पडल्यावर ते तशीच टोपी घालून विंगेत माझ्याजवळ आले.

"कमलताई, आपलं ठरलं होतं."

"हो अण्णा."

"दगाने असंच केलं असतं," ते म्हणाले. मग टोपी सरळ करत म्हणाले, "कतारगामला आरतीचं आमंत्रण द्यायचं असेल तर कोण जाईल?"

"कुंदन जाईल."

"सकाळच्या आरतीचं. संध्याकाळी गर्दी असते," असं म्हणून ते पान थुंकायला गेले.

धनश्री मुंडावळ्यांशिवायच्या नवरीसारखी रडकुंडीला येऊन उभी होती. "ताई, हे खरं धरणार नाहीत ना? भागीरथीमावशी माझ्या आईला विचारत होत्या, पाठवणी कधी म्हणून."

"तू काही काळजी करू नकोस," रामदासकाका म्हणाले. "गुरुजी नव्हते."

"पुजारी नव्हता, पण अंतरपाट होता," योगेंद्र म्हणाला. "वांदा छे." धनश्रीने माळ काढून त्याला मारली.

घरी आलो तेव्हा मी गठ्ठा उघडला. कापड चुरगळलं होतं, त्यात कुरमुरे अडकले होते. मायने एक टोक उचललं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं. "धर हाई टोक."

आम्ही खोलीच्या दोन भिंतींना जाऊन उभ्या राहिलो. कापड झटकलं. कुरमुरे फरशीवर सांडले. मग घडी घालायची म्हणून एकमेकींकडे चालत आलो, टोकाला टोक लावलं, पुन्हा मागे गेलो.

"माय, पूर गुडघ्यापर्यंत ठरला होता," मी म्हटलं. "एवढं वर का नेलंस?"

"मन्हा हात दुखाले लागनात," ती म्हणाली.

"हात दुखले की माणूस खाली करतं."

तिने घडीची कड सरळ केली. आम्ही पुन्हा जवळ आलो. तिच्या केसांत, कानामागे एक कुरमुरा राहिला होता. मी तो काढायला हात पुढे केला, तर तिने डोकं मागे घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "कापड नीट धर. खाले लागी राहिनं."